अकरा सेकंद

पणजीहून आणलेला हेडफोन
पहिल्या रात्री फसवा निघाला.
साडेसहा हजार रुपये, आणि आवाज कसा,
तर ओल्या गोणपाटाआडून कोणी बोलावं तसा.
मी पावती शोधली. सापडली नाही.
बायको म्हणाली, रेडिओ काय वाईट होता?

शनिवारी भाच्याला बोलावलं. साईश.
वेर्ण्याच्या कारखान्यात असतो, कमी बोलतो.
त्याने आधी पिन उपटली
कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकातून,
टेबलाखाली शिरला
आणि मागच्या हिरव्या भोकात खोचली.
अर्धी खरखर तिथेच मेली.
मग सेटिंगमधल्या खुणा काढत गेला,
'आवाज सुधारा' ही सगळ्यात पहिली.
म्हणाला, मामा, सुधारणा बंद केल्या की सुधारतं.
मी पंचायतीत एकतीस वर्षं कारकुनी केली,
मला हे लगेच पटलं.

उरली एक घूं.
पंख्याची नव्हे, फ्रिजची नव्हे.
साईश भिंतीला हात लावत परसात गेला.
अर्थिंगची तार पोफळीपाशी जमिनीत जायची
ती कधीपासून हवेत लोंबत होती.
बायको तिच्यावर फडकी वाळत घालायची.
त्याने खड्डा खणून ती पुरली,
वर बादलीभर पाणी ओतलं,
रोप लावल्यासारखं.
आत येऊन ऐकलं, तर घूं नाही.

जाताना म्हणाला, चष्मा काढून बघा.
दांडीच्या फटीतून खर्ज गळतोय तुमचा.

चष्मा काढला. स्क्रीनचा झाला पांढरा डाग.
चाचपडत मी ती फाइल लावली,
कॅसेटवरून उतरवलेली,
शहाऐंशी सालची, माशेलची जत्रा, तिसरा अंक.

सांगायला हवं:
त्या अंकात मी एकदा थांबलो होतो.
'गुन्हेगाराचं नाव सांगतो, महाराज. ते नाव…'
आणि अकरा सेकंद काहीच नाही.
मग, 'माझ्या मुलाचं आहे.'
मांडवातल्या बायका रडल्या होत्या.
अजून बाजारात मासे घेताना
कोणी ना कोणी म्हणतं,
हेच ते, तो थांबा घेणारे.
मी मान खाली घालतो, कलावंतासारखी.

आणि आता उजव्या कानात, विंगेतून,
शाणू मास्तर.
माझ्या प्रत्येक वाक्याच्या एक श्वास आधी
तेच वाक्य, कुजबुजत, निर्विकार,
वाण्याची यादी वाचावी तसं.
इतकी वर्षं ते या टेपमध्ये उभे होते,
धोतराचा सोगा खोचून,
आणि मला नुसता मीच ऐकू येत होतो.

'ते नाव…'
कुजबुज थांबते.
कागद सळसळतो. मग कोकणीत, घाबरून:
'राव रे, राव, दोन पानां परतलीं.
टॉर्च धर मरे हांगा.'
कोणीतरी टॉर्चवर थाप मारतं. एकदा. दोनदा.
मी रंगमंचावर, हात अर्धा वर,
डोळ्यांत पाणी, मेंदूत काही नाही.

मास्तर गेले त्याला नऊ वर्षं झाली.
त्या थांब्याची कोणी तारीफ केली
की ते खिशात तंबाखूची डबी शोधायचे.
नेहमी सापडायला वेळ लागायचा.

परवा मंडळाची पोरं आली, यंदा तेच नाटक.
म्हणाली, काका, तो थांबा शिकवा.
मी म्हटलं, आधी विंगेतला माणूस निवडा.
आणि टॉर्चमध्ये जुने सेल घाला.
पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद.

रात्री पुन्हा ऐकतो, चष्मा टेबलावर.
त्या अकरा सेकंदांत पान दोनदा वाजतं.
पहिला आवाज जाड, चिकटलेल्या दोन पानांचा.
दुसरा पातळ,
एकच पान, मागे येणारं.